गच्चीच्या दारातून आणि ओट्याच्या उंबरठ्यावरून घरात येणारं पाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग लागला की फोन सुरू होतात. "मिस्त्री, स्लॅब गळत नाही, भिंतीला ओल नाही, तरी खोलीत पाणी येतं कुठून?" जाऊन पाहिलं की बहुतेक घरी उत्तर एकाच जागी सापडतं. गच्ची जिथं जिन्याच्या दाराला मिळते तिथं, नाही तर मागाहून बांधलेला ओटा जिथं जुन्या जोत्याला टेकतो तिथं. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात घरबांधणीची कामं करतो. आमच्या स्वतःच्या घरात पहिल्याच पावसाळ्यात गच्चीच्या दारातून पाणी जिन्यानं उतरलं आणि खालच्या खोलीत थप्पी लावलेलं सोयाबीन भिजलं. खालची पोती उपसून पाहिली तेव्हा दाण्यांना मोड आले होते. तेव्हापासून कोणाचंही घर पाहायला गेलो की मी आधी दार बघतो. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत.

सगळी गच्ची सोडून पाणी दारातूनच का येतं?

गच्ची ही एक मोठी परात समजा. चारी बाजूंना कठडा आहे, कठड्याच्या बुडाशी मिस्त्री सिमेंटचा गोला मारतो, कोणी त्याला वाटा म्हणतात, आणि वॉटरप्रूफिंगचा थर त्या गोल्यावरून भिंतीवर फूटभर चढवतो. म्हणजे परातीला काठ झाला. दाराच्या जागी मात्र भिंतच नसते. तिथं थर उंबरठ्याच्या दगडापर्यंत येतो आणि थांबतो. परातीचा काठ नेमका तिथं तुटलेला असतो.

आता झड लागली की पाणी दगडाच्या बुडाशी उभं राहतं. दगड ज्या सिमेंट-रेतीच्या मसाल्यावर बसवला आहे तो मसाला दिव्यातल्या वातीसारखा पाणी ओढतो. दगडाखालून ते आतल्या फरशीच्या रेतीत उतरतं आणि फरशीखालून चालत जातं. त्यामुळे खालच्या छताला डाग पडतो तो दाराच्या बरोबर खाली पडतच नाही, पाच-सहा फूट लांब पडतो. घरमालक त्या डागाच्या वरची फरशी फोडतो, तिथं डांबर भरतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. दार मात्र कोणी उघडून पाहत नाही.

उंबरठा गच्चीपासून किती उंच असावा?

गच्चीचं सगळं काम झाल्यावर, म्हणजे कोबा (स्लॅबवर ढाळासाठी टाकतात तो जाड थर) आणि वरची फरशी धरून, उंबरठ्याचा माथा कमीत कमी सहा इंच, म्हणजे 150 मिलिमीटर वर उरला पाहिजे. "काम झाल्यावर" हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण घोळ तिथंच होतो.

स्लॅब टाकतो तेव्हा दारापाशी अर्ध्या फुटाची पायरी ठेवलेली असते आणि सगळ्यांना ती पुरेशी वाटते. मग कोबा येतो. कोब्याला 100 फुटांना एक फूट, म्हणजे 10 फुटांना साधारण सव्वा इंच ढाळ लागतो. पन्हाळाच्या पाइपापाशी कोबा अडीच इंच धरला आणि तिथून दारापर्यंतचं अंतर वीस फूट असलं, तर दारापाशी कोब्याची जाडी पाच इंच होते. जिना बहुतेक घरांत पाइपाच्या उलट टोकाला असतो, म्हणून कोबा सगळ्यात जाड नेमका दारापुढंच भरतो. अर्ध्या फुटाच्या पायरीतून पाच इंच गेले. उरला एक इंच. त्यावर फरशी बसली की तोही गेला. यात चूक एकट्या मिस्त्रीची नसते. स्लॅबच्या दिवशी कोब्याचा हिशेब कोणी करत नाही. नवीन बांधत असाल तर स्लॅबच्या माथ्यापासून उंबरठ्यापर्यंत किमान बारा इंच धरा. नळीत पाणी भरून लेव्हल दोन्ही टोकांना स्वतः पाहून घ्या आणि भिंतीवर खूण करून ठेवा.

इंचभर उंबरठा पुरत नाही का? पाणी थोडंच तेवढं साचतं?

साचत नसलं तरी वारा ढकलतो. ताशी 50 किलोमीटरचा वारा पाण्याला साधारण 12 मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच वर चढवतो. वारा 70 चा झाला तर जवळजवळ इंचभर. वळवाच्या पावसात एवढा वारा आपल्याकडे दर वर्षी सुटतो. त्यात दाराच्या फळीखालची फट म्हणजे वाऱ्याला मोकळी वाट. शिवाय गच्चीवर पडलेला थेंब फुटून फूटभर उडतो, तो वेगळाच.

आणि पाणी साचतही. 600 चौरस फुटांच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे 2,800 लिटर पाणी जमतं. ते जायला दोन पाइप असतात, त्यातल्या एकात कडुनिंबाचा पाला आणि कबुतराची पिसं अडकलेली. अशा वेळी गच्चीचं तळं होतं आणि तळ्याचा सगळ्यात सखल काठ कोणता, तर उंबरठा. म्हणून कठड्यातून एक जादा पाइप काढून ठेवा. तो उंबरठ्यापेक्षा दोन इंच खाली असावा. पाइप तुंबले तर पाणी कठड्याबाहेर धार धरेल, घरात येणार नाही, आणि ती धार दिसली की पाइप तुंबल्याचं तुम्हाला लगेच कळेल.

घर बांधून झालं आहे. उंची उरलेली नाही. आता काय?

तीन वाटा आहेत.

पहिली वाट मला सगळ्यात पटते, ती म्हणजे उंबरठाच उचलणं. जुना दगड काढायचा, खालून विटेचा एक थर द्यायचा, त्यावर नवा दगड. दाराची उंची चार-पाच इंच कमी होते. सात फुटांचं दार असेल तर काही बिघडत नाही, गच्चीच्या दारातून कोणी वरात नेत नाही. फक्त फळी खालून कापावी लागते. लोखंडी दार असेल तर वेल्डिंगवाल्याचं एक दिवसाचं काम.

दुसरी वाट, दारापुढचा कोबा खाली घेणं. दाराच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना फूटभर जास्त आणि बाहेर तीन-चार फूट एवढ्या जागेतला कोबा काढून तिथं पातळ थर द्यायचा. पण तिथं खड्डा होतो आणि खड्ड्यातलं पाणी बाहेर काढायला स्वतःचा पाइप हवा. पाइप देता येत नसेल तर ही वाट धरू नका, उलट जास्त पाणी दारात उभं कराल.

तिसरी, दारावर मोठा छज्जा आणि दोन्ही बाजूंना आडोसा. यानं पाणी कमी होतं, पण थांबत नाही. पैसे नसतील त्या वर्षी एवढं केलं तरी चालेल.

उंबरठ्याचा दगड बसवताना नेमकं काय करायचं?

या एका कामावर सगळं अवलंबून आहे, म्हणून सविस्तर लिहितो. शक्य असेल तर हे काम चालू असताना तिथं खुर्ची टाकून बसा.

थर आधी, दगड नंतर. आपल्याकडे शंभरातल्या नव्वद घरांत उलट होतं. आधी दगड बसतो आणि मग वॉटरप्रूफिंगवाला येऊन दगडाच्या तोंडापर्यंत ब्रश फिरवतो. थर दगडाच्या खालून गेला पाहिजे आणि दगडाच्या मागं, घराच्या बाजूला, इंचभर वर उभा राहिला पाहिजे.

दगडाखालची जागा मोकळी करून एकास तीनच्या मसाल्यानं सारखी करा, ढाळ बाहेरच्या बाजूला. तीन कोपरे आहेत. बाहेर पायरी गच्चीला मिळते तो, आणि दाराच्या दोन्ही कुशी, म्हणजे चौकटीच्या बाजूच्या भिंतींचे कोपरे. तिन्ही ठिकाणी बोटभर जाडीचा गोला मारा. काटकोनात थर टिकत नाही, तिथूनच तो चिरतो. गोला सुकला की थराचा पहिला हात, तो ओला असतानाच कोपऱ्यांवर काचतंतूची जाळी दाबायची, दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेनं दुसरा हात. कुशींवर थर फूटभर चढवा आणि गच्चीच्या जुन्या थरावर निदान फूटभर पुढं न्या. जोड असा हवा की वरचा थर खालच्यावर चढलेला असेल, कौलावर कौल चढतं तसा.

ज्यांना आणखी खात्री हवी त्यांनी दगडाखाली पत्र्याची ताटली बसवावी. टिनकाम करणाऱ्याकडून जस्ताच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची करून घ्या. मागची कड इंचभर वर, दोन्ही बाजू दोन इंच वर, पुढची कड खाली वाकवलेली. कोपरे कापून नुसते दुमडू नयेत, पक्के बंद करावेत, जस्ताच्या पत्र्याला डाग देऊन. दगडाच्या सांध्यातून काही पाणी उतरलंच तर ते ताटलीत पडतं आणि पुढच्या कडेनं बाहेर जातं. एक सांभाळा, सिमेंटचा ओला मसाला अ‍ॅल्युमिनियमला खातो. मधे थराचा एक हात असू द्या.

दगड एकसंध घ्या. ग्रॅनाईट उत्तम, कडप्पाही चालतो. शहाबादी फरशी पाणी पिते आणि पापुद्रे सोडते, ती या जागेला नको. दगड दोन्ही बाजूंना भिंतीत दोन इंच घुसला पाहिजे. नुसता चौकटीच्या मधे ठेवला तर दोन्ही टोकांना उभी फट राहते आणि पाणी तिथूनच शिरतं. बाहेरच्या अंगाला दोन सूत (पाव इंच) ढाळ, आणि दगडाचं नाक भिंतीच्या बाहेर दीड इंच. त्या नाकाच्या खालच्या बाजूला कटरनं एक आडवी खाच पाडून घ्या. पाणी दगडाच्या पोटाला चिकटून मागं सरकतं, ते खाचेपाशी तुटून खाली पडतं. दुकानातून दगड कापून आणतानाच ही खाच पाडून मागितली तर पाच मिनिटांचं काम आहे. सगळ्या उंबरठ्यात माझी सगळ्यात आवडती गोष्ट ही खाच.

दगड बसला की शेवटची जोखीम मिस्त्री गेल्यावर येते. दाराची खालची कडी लावायला सुतार किंवा ग्रिलवाला येतो आणि नव्या दगडाला ड्रिलनं भोक पाडतो. ते भोक दगड, मसाला आणि थर तिन्ही भेदून जातं. मी असं एक घर पाहिलं जिथं सगळं काम बिनचूक होतं आणि पाणी फक्त त्या कडीच्या भोकातून येत होतं. खालची कडी लावूच नका. वर एक आणि मधे एक पुरते.

दुकानदार पाच तऱ्हेचे डबे दाखवतो. कोणता घेऊ?

कंपनीच्या नावानं विचारू नका, कामानं विचारा.

दगडाखाली आणि कुशींवर, म्हणजे जिथं वरून मसाला किंवा प्लास्टर बसणार आहे तिथं, सिमेंट आणि पॉलिमरचा दोन भागांचा थर घ्या. पावडर वेगळी, दूध वेगळं, दोन्ही मिसळायचं. यावर पुढचा मसाला धरतो. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं तेच ठेवा. लावायला सोपं जावं म्हणून मजूर त्यात पाणी घालतो आणि तिथंच त्याची ताकद जाते.

उघड्या गच्चीवरचा रबरासारखा रंग उंबरठ्याखाली लावू नका, त्यावर मसाला धरत नाही. साध्या मसाल्यात मिसळायचं पांढरं दूध, एसबीआर, मसाल्याची पकड वाढवतं, पण तो स्वतः वॉटरप्रूफिंगचा थर नव्हे. लोक मसाल्यात बाटलीभर मिसळतात आणि काम झालं समजतात.

फटीत भरायला पॉलियुरेथेनचा सीलंट घ्या, दुकानात पीयू म्हणून मागा. त्यावर रंग बसतो. सिलिकॉन काचेला आणि सिरॅमिकला चांगला, पण सिमेंटला त्याची पकड मनासारखी येत नाही, त्यावर रंग धरत नाही आणि एकदा लावला की तिथं पुढं दुसरं काही चिकटत नाही.

डांबर नको. आपल्या मे महिन्यात ते वितळून ओघळतं, थंडीत तडकतं आणि नंतर त्यावर कोणताही चांगला थर बसत नाही. खरवडून काढण्यात अर्धा दिवस जातो.

एका दाराला लागतं किती? बाहेर चार फूट, बाजूंना फूट-फूट आणि कुशींवर चढवलेला भाग धरून साधारण 30 ते 35 चौरस फूट होतात, म्हणजे तीन चौरस मीटरच्या आसपास. वीस किलोचा मोठा डबा घेण्याची गरज नाही, छोटा डबा मागा.

ओटा नंतर बांधला. भिंत आणि ओट्याच्या मधली फट दर वर्षी सिमेंटनं भरतो, दर वर्षी उघडते. का?

कारण आपली जमीन. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. शेतात हात जाईल अशा भेगा पडतात त्या तुम्ही पाहिल्याच आहेत, तीच माती घराखाली आहे. घराचा पाया खोल गेलेला असतो. ओट्याचा पाया दोन-अडीच फुटांवर थांबलेला, आत मुरमाची भराई, आणि तीही पाणी मारून धुम्मस न करता. घर एका जागी उभं राहतं आणि ओटा दर वर्षी वर-खाली होतो. या दोघांना सिमेंटनं बांधू गेलात तर सिमेंट तुटणारच. घरकुलात हे फार दिसतं. सरकारी मदत ठरावीक, त्यात घर उभं राहतं, आणि ओटा पुढच्या-मागच्या वर्षी हाताशी पैसे आले की जोडला जातो.

ऊनही यात भर घालतं. सिमेंटचा वीस फुटांचा तुकडा, तापमानात 50 अंशांचा फरक धरला तर सुमारे 3 मिलिमीटर लांब-आखूड होतो. दुपारी तापलेली गच्ची आणि पौषातली पहाट यांत एवढा फरक सहज पडतो.

म्हणून फट बुजवायची नाही, तिला हलू द्यायचं आणि वरून झाकायचं. कटरनं फट सरळ करून 10 ते 12 मिलिमीटर रुंद करा, आतली धूळ ब्लोअरनं किंवा सायकलच्या पंपानं उडवा. आत फोमची गोल दोरी दाबून बसवा, ती फटीपेक्षा थोडी जाड असावी. तिच्यावर पीयू सीलंट, जाडी रुंदीच्या निम्मी. दोरी कशाला, असं सगळे विचारतात. सीलंट दोन्ही बाजूंच्या भिंतींना चिकटला पाहिजे पण तळाला चिकटता कामा नये, तरच तो रबरासारखा ताणतो. तळालाही चिकटला तर ओढाताण होऊन फाटतो.

त्यावर भिंतीत आडवी खाच पाडून पत्र्याची पट्टी अडकवा, ती फटीवरून ओट्यावर तीन-चार इंच झुकू द्या. पट्टी भिंतीला पक्की आणि ओट्यावर मोकळी. आणि ओट्याला घरापासून दूर जाणारा ढाळ हवाच. आठ फुटांच्या ओट्याला एक-सव्वा इंच. सडा घातला तर पाणी कुठं जातं ते पाहा. दाराकडे वळत असेल तर ओट्याचा माथा पुन्हा करावा लागेल, सीलंटनं भागणार नाही.

सागवानी चौकट आहे, आजोबांच्या काळातली. पण खालून कुजत चालली आहे.

सागवानाचा गाभा उधईला आणि पाण्याला बराच काळ दाद देत नाही. बाहेरचं पांढरं लाकूड मात्र लवकर जातं, आणि चौकटीच्या पायात नेमकं तेच आलेलं असतं. शिवाय पाय फरशीत गाडलेले असतात, त्यामुळे लाकडाचं तोंड सतत ओल पितं. झाडात जसं पाणी मुळाकडून वर चढतं तसंच इथंही चढतं.

सगळी चौकट फेकू नका, अशी लाकडं आता मिळत नाहीत. कुजलेला भाग कापून काढा, चांगलं लाकूड लागेपर्यंत. कापलेल्या तोंडाला जवसाचं तेल कोमट करून दोन-तीनदा पाजा. खाली ग्रॅनाईटचा ठोकळा बसवा आणि लाकूड त्यावर टेकवा. लाकडाचं तोंड उंबरठ्यापासून निदान इंचभर वर राहिलं पाहिजे. लाकडी उंबरा असेल, त्यावर रोज हळद-कुंकू वाहत असतील, तर तो आतल्या अंगाला जपून ठेवता येतो. पुढं दगडी उंबरठा घ्यायचा, मागं लाकडी. पुलगावजवळच्या एका घरात आम्ही असंच केलं, त्या घरच्या आजी उंबरा काढू देत नव्हत्या आणि त्यांचं बरोबर होतं.

घरात म्हातारी माणसं आहेत, सहा इंचांचा उंबरठा ओलांडवत नाही.

ही अडचण खरी आहे. उंबरठ्याला अडखळून पडणं गळतीपेक्षा वाईट. ओट्याच्या दाराला उंची कमी ठेवायची असेल तर दारापुढं, दाराच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त लांब, चार इंच रुंद आणि तितकीच खोल नाली काढा. तिच्यावर काढता येईल अशी जाळी. नालीला स्वतःचा पाइप आणि त्या पाइपाला बाहेर उघडं तोंड. वॉटरप्रूफिंगचा थर नालीच्या आतून फिरवून उंबरठ्याखाली न्यायचा. वर मोठं छप्पर हवंच, नाही तर नाली पुरत नाही. आठवड्याला जाळी उचलून नाली साफ करावी लागते. ते होणार नसेल तर उंबरठा उंच ठेवून आत-बाहेर तीन-तीन इंचांची पायरी करा आणि भिंतीला धरायला पाइप लावा.

दारावर टिनाची छपरी बांधली की दार वाचेल ना?

वाचतं, पण टिन जिथं भिंतीला टेकतं तिथं नवीन फट तयार होते. त्या जोडावर पत्र्याची पट्टी हवी, वरची कड भिंतीच्या खाचेत घातलेली. टिनाखालून सिमेंटचा कोपरा भरतात तो एक उन्हाळा काढत नाही, टिन तापून सरकतं. छपरीचं पाणी ओट्यावर पडू देऊ नका, पन्हाळ लावून बाहेर काढा.

ताडोब्याजवळ होमस्टे काढतोय. खोलीला लाकडी डेक जोडायचा आहे. दारापाशी काय काळजी घ्यायची?

डेकची पहिली आडवी तुळई भिंतीला बोल्ट करतात. ती भिंतीला सपाट चिकटवली तर मधे पाणी अडकून लाकूडही कुजतं आणि भिंतही ओलावते. शक्य असेल तर डेक भिंतीला जोडूच नका. स्वतःच्या खांबांवर उभा करा आणि भिंतीपासून बोटभर अंतर सोडा. जोडायचाच असेल तर प्रत्येक बोल्टवर जाड वायसर घालून तुळई भिंतीपासून अर्धा इंच दूर ठेवा, भोकात सीलंट भरूनच बोल्ट घाला आणि तुळईवर पत्र्याची पट्टी घ्या. तिची वरची कड प्लास्टरच्या आत जाऊ द्या, खालची कड तुळईच्या पुढं वाकवा.

फळ्यांमधे दोन सूत अंतर ठेवा, पाणी खाली गळू द्या. डेकचा माथा उंबरठ्यापेक्षा किमान चार इंच खाली असावा. पाहुण्यांना एक पायरी उतरावी लागली तर काही बिघडत नाही. डेकखालच्या जमिनीला घरापासून दूर ढाळ द्या आणि तिथं पाला साचू देऊ नका. जंगलाच्या काठावर ओला पाला म्हणजे उधईला आणि सापाविंचवाला आमंत्रण.

काम कोणत्या महिन्यात करावं?

दिवाळी ते होळी. लोक रोहिणी लागल्यावर जागे होतात, तेव्हा मिस्त्री मिळत नाही आणि ऊन 45 अंशांवर असतं. त्या उन्हात मसाल्यातलं पाणी सिमेंट पकडायच्या आधीच उडून जातं आणि केसासारख्या चिरा पडतात. उन्हाळ्यातच करावं लागलं तर काम सकाळी नऊच्या आत, जागा आधी भिजवून, वर पाणी उभं नसेल अशी. मसाल्यावर ओलं बारदान सात दिवस. पॉलिमरच्या थराला मात्र सुकायलाही वेळ लागतो, त्यावर लगेच पाणी ओतू नका, डब्यावरचं वाचा.

गच्चीवर वाळवण घालता येईल का?

थर पूर्ण वाळल्यावर कुरडया, वड्या, मिरची खुशाल घाला, पण कापड अंथरून. खाटेचे पाय आणि खोरं थरावर ओढू नका. दारापुढच्या चार फुटांत तर नकोच.

काम बरोबर झालं हे कसं ओळखायचं? मजुरी देण्याआधी कळेल का?

कळेल. पाइपाच्या तोंडात कापडाचा बोळा घाला आणि दारापुढं विटा-मातीची बांधावळ करून दोन इंच पाणी भरून ठेवा, निदान 48 तास. पातळीवर पेन्सिलनं खूण करा. उन्हानं थोडी घट होईलच, म्हणून शेजारी एका घमेल्यात तेवढंच पाणी ठेवा आणि दोन्हींतली घट ताडून पाहा. बांधावळीतलं जास्त उतरलं तर कुठं तरी वाट आहे. मग बोळा काढून दारावर पाइपानं दहा मिनिटं पाणी मारा, आधी खालून आणि मग वर सरकत, म्हणजे कोणत्या उंचीला शिरलं ते कळतं. आतल्या बाजूला उंबरठ्यापाशी वर्तमानपत्र अंथरून ठेवा, ओलीचा पहिला ठिपका फरशीपेक्षा कागदावर लवकर दिसतो. ही तपासणी दगड बसवण्याआधी एकदा आणि नंतर एकदा करायची, हे मिस्त्रीशी काम ठरवतानाच बोलून घ्या.

पाऊस सुरू आहे आणि पाणी आत येतंय. आत्ता काय करू?

आधी गच्चीचे पाइप मोकळे करा. निम्म्या घरांत तेवढ्यानंच पाणी थांबतं. गच्चीवर जाताना वीज कडाडत असेल तर थांबा.

मग दाराच्या बाहेर, उंबरठ्यापासून दोन फूट पुढं, रेतीनं निम्मी भरलेली खताची रिकामी पोती अर्धवर्तुळात लावा, त्यांच्यावरून ताडपत्री घेऊन तिचं वरचं टोक दारावरच्या छज्ज्याला बांधा. खालचं टोक पोत्यांच्या बाहेर पडू द्या, आत नको. ओल्या सांध्यात सिमेंट किंवा सीलंट कोंबू नका, ओल्या जागेला ते धरत नाही आणि नंतर काढताना त्रास देतं.

खोलीतलं धान्य, कापूस, पोत्यांची थप्पी भिंतीपासून हातभर सरकवा आणि खाली लाकडी पाट्या किंवा विटांवर फळ्या घाला. फरशीच्या सांध्यांना ओल कुठून कुठं पसरते ते खडूनं आखून ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढा. दिवाळीनंतर मिस्त्री येईल तेव्हा सगळं कोरडं असेल, त्याला दाखवायला ती खडूची रेघच उपयोगी पडेल.